सुट्टी शाळेची, हंगाम डोंगराचा

शाळेच्या वेळापत्रकात दोनच ऋतू असतात, परीक्षा आणि सुट्टी. डोंगर, नद्या आणि वाळवंटं मात्र अजून पंचांगावरच चालतात. मुलाबाळांना घेऊन भटकणाऱ्या घरांची निम्मी शक्ती या दोन वेळापत्रकांची सांगड घालण्यात जाते, उरलेली निम्मी आजोबांच्या गुडघ्यांची समजूत काढण्यात. एके काळी ट्रेक हा कॉलेजातल्या पोरांचा उद्योग होता आणि घरच्यांचा त्याच्याशी संबंध आईने बांधून दिलेल्या डब्यापुरता असे. आता आईच पाठीला सॅक लावून पुढे असते.

पण सहकुटुंब डोंगर चढणं ही काही शहरातल्यांनी शोधून काढलेली गोष्ट नव्हे. कळसूबाईच बघा. १६४६ मीटर उंचीचं राज्यातलं हे सर्वोच्च शिखर नवरात्रात जत्रेने फुलतं. बारी आणि आसपासच्या गावांतल्या कडेवर पोर घेतलेल्या बाया, काठी टेकत जाणारे म्हातारे, नवी जोडपी असे सगळे लोखंडी शिड्या चढून देवीला जातात. त्यांच्या लेखी तो ट्रेक नसतो. वेळ मात्र अचूक असते. पाऊस सरलेला, वाटा वाळू लागलेल्या, झऱ्यांना अजून पाणी आणि गवत हिरव्याचं पिवळं होण्याच्या बेतात. सह्याद्रीत मुलांना न्यायचं असेल तर नवरात्रापासून नाताळापर्यंतच्या दिवसांना तोड नाही, आणि दिवाळीची सुट्टी नेमकी त्यांच्या मधोमध पडते.

अंगणात मातीचा किल्ला करणारी मुलं याच सुट्टीत राजगडावर न्यावीत. पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्या आणि त्यांच्या मधोमध उभा बालेकिल्ला. हाताने माती थापून तट-बुरूज उभे केलेल्या मुलाला इथे इतिहासाची पट्टी वाचून दाखवावी लागत नाही. माची अशी लांब सोंडेवर का पसरली आणि बालेकिल्ला अडचणीच्या जागी का बांधला, हे प्रश्न तेच विचारतं. सात-आठ वर्षांचं मूल सहसा दमत नाही, कंटाळतं. घरातल्या सर्वांत सावकाश चालणाऱ्याला पुढे ठेवलं आणि वाटेत टाकं, कडा, माकडं असं काहीबाही सापडत गेलं, की चढ आपोआप संपतो. पायथ्याच्या गावात पिठलं-भाकरी सांगून ठेवलेली असेल तर उतरणंही.

हिवाळ्यात एक पथ्य पाळावं लागतं, ते आग्या मोहोळांचं. कड्याकपारींत आणि लेण्यांच्या छतांना ही पोळी लटकलेली असतात. शेकोटीचा धूर, भपकारा येणारं अत्तर, आरडाओरडा यांनी माश्या उठल्या तर उघड्या माचीवर लपायला जागा नसते. सुटीच्या मूडमधल्या काकांना हे निघण्यापूर्वीच बजावलेलं बरं. साम्रदजवळची सांदण दरीसुद्धा याच दिवसांतली. दोन्ही बाजूंना सरळ उभे कातळ, मध्ये चिंचोळी घळ आणि मुलांच्या छातीपर्यंत येणारा एखादा गार डोह. पावसाळ्यात हीच घळ पाण्याचा लोट वाहून नेते, तेव्हा तिच्याकडे फिरकूही नये.

कासच्या पठारापुरता मात्र शाळा आणि निसर्ग यांचा समेट होत नाही. जागतिक वारसा यादीत २०१२ साली गेलेल्या पश्चिम घाटातला हा सडा फुलतो सप्टेंबरात, म्हणजे सहामाही परीक्षेच्या तोंडावर. दिवाळीत तिथे जाणाऱ्यांना खडक आणि वाळकं गवत भेटतं.

नाताळच्या सुट्टीत मराठी घरांचा ओघ हल्ली कच्छकडे वळला आहे. संध्याकाळी मुंबईत गाडीत बसलं की सकाळी भुज, आणि तिथून धोर्डोचं पांढरं रण साधारण ८० किलोमीटर. वाळवंट म्हटल्यावर मुलांच्या डोळ्यांपुढे वाळूच्या टेकड्या येतात. रणात वाळू नाही. पावसाळ्यात समुद्राचं आणि नद्यांचं पाणी या सपाटीवर पसरतं, गुडघाभर उथळ सरोवर होतं, आणि थंडीपर्यंत ते आटून मिठाचा थर उरतो. दिवाळीतच धावत गेलं तर पुष्कळदा पांढऱ्या रणाऐवजी चिखल बघून परतावं लागतं. डिसेंबर-जानेवारीत दिवसा ऊन सोसवतं, रात्री पारा इतका उतरतो की मुंबईकरांचे स्वेटर हास्यास्पद ठरतात.

धोर्डोच्या तंबूनगरीतल्या वातानुकूलित मुक्कामाचं मला फारसं कौतुक नाही. त्यापेक्षा छोट्या रणात जावं. तिथलं अभयारण्य घुडखरांसाठी राखलेलं आहे. तांबूस पाठीची ही रानगाढवं पळू लागली की जीपला मागे टाकतील असं वाटतं. पण मुलांना दाखवायचा खरा माणसांचा संसार आहे तो अगरियांचा. पाऊस सरला की ही मीठ पिकवणारी कुटुंबं बिऱ्हाड घेऊन रणात उतरतात, जमिनीखालचं खारं पाणी उपसून आगरांत सोडतात आणि उन्हाळ्यापर्यंत तिथेच राहतात. आपण ज्याला साहस म्हणून पैसे मोजतो त्या जागी त्यांची मुलं अनवाणी लहानाची मोठी होतात. वाळूच्याच टेकड्या हव्या असणाऱ्यांना जैसलमेरबद्दल इतकंच, की समच्या टेकड्यांवर आता उंटांपेक्षा जीपगाड्यांचा धुरळा जास्त उडतो. खुरी त्या मानाने शांत.

नद्यांच्या बाबतीत महाराष्ट्राचं एक वेगळंच प्रकरण आहे. आपल्या नद्या आषाढात लाल पुराने फुगतात आणि वैशाखात दगडधोंडे उघडे टाकतात. तरी कोलाडजवळची कुंडलिका भर मे महिन्यात सकाळी खळाळत असते आणि तिच्यावर रबरी तराफे उड्या मारत जातात. ही करामत नदीची नव्हे, विजेची. मुळा नदी खरं तर पूर्वेला, भीमेच्या दिशेने जाणारी. मुळशीला तिला टाटांच्या धरणाने अडवलं, तेच धरण ज्याच्याविरुद्ध १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. बुडालेल्या गावांवर साठलेलं ते पाणी घाटमाथ्यावरून कोकणात, भिऱ्याच्या वीजघरात सोडलं जातं. १९२७ पासून हे चालू आहे. तिथून पाणी रवाळज्याच्या वीजघरातून कुंडलिकेला मिळतं. पाणी सुटलं तर नदी, नाही तर नुसतं पात्र. म्हणून तर राफ्टिंगवाले सगळ्यांना सकाळी लवकर हजर राहायला सांगतात आणि पाणी येईपर्यंत काठावर बसवून ठेवतात. त्या अर्ध्या-पाऊण तासात मुलांना मुळशीची गोष्ट सांगता येते. मी तरी काठावर कुणाला ती सांगताना ऐकलेलं नाही, सगळे जाकिटं घालून फोटो काढण्यात गुंतलेले असतात.

चौदा वर्षांखालच्या मुलांना तराफ्यावर सहसा घेत नाहीत. आयोजक ‘चालतंय हो’ म्हणून सूट देऊ लागला तर तिथूनच परत फिरावं. हेल्मेट आणि मापाचं जाकीट यांवरही घासाघीस नको. मोठ्या माणसाचं जाकीट पाण्यात पडल्यावर लहान मुलाच्या डोक्यावरून निसटतं. धाकट्यांना खालच्या संथ पाण्यात कयाक पुरतो.

पावसाळी पाण्याचं गणित निराळं. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात सहलीला आलेलं एक कुटुंब लोटात सापडलं आणि पाच जणांचा जीव गेला. मृतांत मुलं होती. अशा ठिकाणी आपल्या डोक्यावर पाऊस पडतोय की नाही याला फारसा अर्थ नसतो. वर पाणलोटात कोसळलेली सर काही मिनिटांत खाली पोचते आणि घोट्यापर्यंतचं पाणी कमरेला लागतं. पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पाला वाहून येऊ लागला, आवाज बदलला, की विचार न करता काठ गाठायचा. एवढं मुलांना पाठ असायला हवं. मात्र काठ गाठता यावा म्हणून मुळात प्रवाहाच्या मधल्या खडकावर जाऊन बसू नये, ही गोष्ट मोठ्यांना शिकवणं जास्त अवघड.

ज्यांना जुलै-ऑगस्टमध्ये रजा मिळते त्यांनी पाऊस ओलांडून पलीकडे जावं. पीर पंजालच्या भिंतीने अडवल्यामुळे मोसमी ढग हिमाचलातल्या स्पितीत फारसे पोचत नाहीत, आणि सह्याद्री धुक्यात बुडालेला असतो तेव्हा तिथे कोरडं, निळं आकाश असतं. थंड वाळवंटाची ही दुनिया मुलांना कच्छइतकीच चकित करते. अडचण उंचीची. तिथलं काझा ३६०० मीटरच्या वर आहे. मनालीहून जाणारी वाट एका दमात साडेचार हजार मीटरचा कुंझुम पास ओलांडते. शिमला-किन्नौरकडून जाणारी वाट लांब, पण हळूहळू उंची चढणारी. बरोबर मुलं असतील तर दुसरीच धरावी, अर्थात दरडींची बातमी बघून. समुद्रसपाटीवरून विमानाने थेट लेहला उतरणाऱ्यांनी पहिले दोन दिवस काहीही बघू नये. लहान मूल ‘डोकं दुखतंय’ असं नीट सांगत नाही. ते जेवत नाही, किरकिर करतं, खेळणं टाकून आडवं होतं. अशा वेळी बिस्किट देऊन पुढे नेण्याऐवजी त्याला खालच्या गावी आणणं हाच उपाय.

मे महिना मुद्दाम मागे ठेवला, कारण तेव्हा सगळेच जातात. सह्याद्री भाजून निघालेला असतो, टाकी आटलेली असतात आणि वणव्यांनी डोंगर काळे पडलेले असतात. हिमाचलात त्याच वेळी बर्फ वितळून वाटा खुल्या होत असतात, म्हणून मराठी माणसाची उन्हाळी सुट्टी उत्तरेकडे पळते. कसोलहून निघणाऱ्या सर पासच्या वाटेवर बर्फातून घसरत उतरणाऱ्यांची आरडाओरड मराठीतही भरपूर ऐकू येते.

तरी मेच्या अखेरीस घरी परतावं. वळिवाचे दोन-तीन शिडकावे झाले की भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची या बाजूला हिरडा, बेहडा, सादडा अशा झाडांवर काजवे लखलखू लागतात, आणि शाळा उघडायला अजून थोडे दिवस असतात. चढ नाही, दोर नाही, आजोबांचे गुडघेही तक्रार करत नाहीत. मात्र शनिवारी रात्री तिथे गाड्यांची रांग लागते. काजव्यांचं लुकलुकणं म्हणजे नर-मादीची एकमेकांना घातलेली साद असते, आणि हेडलाइट आणि मोबाइलच्या झोतात ती विरून जाते. त्यामुळे मधला वार गाठावा, गाडी गावातच ठेवावी, बरोबर गावातलाच वाटाड्या घ्यावा आणि विजेरी खिशात ठेवावी. सुट्टीतल्या मंगळवारी मुलांना काहीच अडचण नसते, रजेचा अर्ज आईबाबांना करावा लागतो.