"भाऊ, याच्यात आय-सेव्हन बसते काय?"

अकोल्याच्या जुन्या शहरात लॅपटॉप दुरुस्तीच्या टेबलावर हा प्रश्न हमखास येतो. विचारणारा बहुतेक कॉलेजातला मुलगा असतो. मोठ्या कंपनीच्या ऑफिसातून निघालेला लॅपटॉप त्याने सेकंडहँड घेतलेला असतो आणि नव्यासाठी घरी पैसे मागायची त्याची इच्छा नसते. आहे त्याच यंत्रातून जास्त काम काढायची ही धडपड मला मोलाची वाटते. म्हणून त्याला मिळणारी दोन तयार उत्तरं खटकतात. एक जण सांगतो, लॅपटॉपचा प्रोसेसर बदलतच नाही. दुसरा मोबाइलवर व्हिडिओ दाखवून म्हणतो, दहा मिनिटांचं काम आहे.

"लॅपटॉपचा प्रोसेसर बदलतच नाही."

आजच्या बहुतेक सगळ्या लॅपटॉपच्या बाबतीत हे खरं आहे. प्रोसेसर मदरबोर्डला सोल्डर केलेला असतो. पण इंटेलच्या चौथ्या पिढीपर्यंत, म्हणजे साधारण २०१३-१४ पर्यंत, अनेक लॅपटॉपमध्ये तो सॉकेटमध्ये बसवलेला असायचा. त्यानंतर इंटेलने लॅपटॉपसाठी सॉकेटचे प्रोसेसर काढणं थांबवलं. ऑफिसांतून निघणाऱ्या जुन्या मालात थिंकपॅड टी४३०, टी४४०पी, डेलचा लॅटिट्यूड ई६४३० हे सगळे सॉकेटवाले आहेत. टी४४०पी चा जुळा भाऊ वाटणारा टी४४०एस मात्र सोल्डरवाला.

पहिली खूण प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी असते. यू किंवा एचक्यू असेल तर विषय संपला, तो सोल्डर केलेला आहे. एम, क्यूएम किंवा एमक्यू असेल तर आशा आहे, खात्री नाही. आय-५ ३२१०एम हाच प्रोसेसर सॉकेटच्या आणि सोल्डरच्या अशा दोन्ही रूपांत निघाला होता. म्हणून सीपीयू-झेड हा फुकट प्रोग्राम टाकायचा आणि त्यातली 'पॅकेज'ची ओळ वाचायची. तिथे पीजीए लिहिलेलं असेल तर सॉकेट, बीजीए असेल तर सोल्डर.

बीजीए दिसल्यावरही काही जण हीट गनने चिप काढायला निघतात. त्यांना कळकळीने सांगतो, करू नका. शिसं नसलेलं सोल्डर २१७ अंशांच्या आसपास वितळतं. चिपखालचे शेकडो ठिपके एकाच वेळी वितळवायचे आणि नवे तितकेच नेमके बसवायचे हे खास मशीनचं काम आहे. घरच्या गनने बोर्ड वाकतो आणि चालता लॅपटॉप कायमचा जातो.

"सॉकेट आहे म्हणजे कोणताही प्रोसेसर चालतो."

सॉकेट जुळणं ही फक्त पहिली पायरी. चिपसेटने तो प्रोसेसर स्वीकारावा लागतो आणि बायोसला त्याची ओळख असावी लागते. दुसऱ्या पिढीच्या काही बोर्डांवर तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर चालतो, पण त्याआधी, जुना प्रोसेसर जागेवर असतानाच, बायोस अपडेट केलेलं असावं लागतं. चौथ्या पिढीचं सॉकेट तर वेगळंच.

सगळ्यात फसवा प्रकार एचएम७० चिपसेटचा. स्वस्तातल्या सेलेरॉन आणि पेंटियम लॅपटॉपमध्ये तो असायचा. त्यात आय-३ किंवा आय-५ टाकला तर लॅपटॉप सुरू होतो, विंडोजही उघडतं. मुलगा खूश होऊन घरी जातो आणि अर्ध्या तासाने लॅपटॉप आपोआप बंद पडतो. परत सुरू करा, परत अर्धा तास. पंखा बदलून किंवा पेस्ट लावून हे सुटत नाही, कारण ती मर्यादा इंटेलनेच घातलेली आहे. पैसे देण्याआधी चिपसेट पाहायचा तो यासाठी.

"आय-सेव्हन म्हणजे चार कोअर."

आय-७ ३५२०एम मध्ये दोनच कोअर आहेत. चार हवे असतील तर नावात क्यू शोधा.

"मोठा प्रोसेसर टाकला की वेग आपोआप मिळतो."

पुण्या-मुंबईत बसून दिलेला सल्ला अकोल्यात फसतो तो इथेच. समजा, ३२१०एम काढून ३६३०क्यूएम बसवला. पहिला ३५ वॅटचा, दुसरा ४५ वॅटचा. लॅपटॉपमधली तांब्याची नळी आणि पंखा कंपनीने ३५ वॅटच्या हिशेबाने दिलेला असेल, तर वरची उष्णता बाहेर पडायला वाटच नाही.

त्यात आपला मे महिना. हे प्रोसेसर १०५ अंशांच्या आसपास पोचले की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतात. खोली २५ अंशांवर असेल तर चिप आणि हवा यांच्यात जास्तीत जास्त ८० अंशांचा फरक मिळतो. टिनाखालच्या खोलीत ४५ अंश असतील तर हाच फरक ६० वर येतो. उष्णता बाहेर पडते ती याच फरकाच्या प्रमाणात, म्हणजे तोच पंखा आणि तीच नळी पाव हिस्सा कमी काम करते. अनेक लॅपटॉपच्या माहितीपत्रकात वापरासाठी खोलीचं कमाल तापमान ३५ अंश दिलेलं असतं. आपल्याकडे ते मार्चमध्येच ओलांडलं जातं. अशा दुपारी ४५ वॅटचा प्रोसेसर थोडा वेळ जोरात पळतो आणि मग मंदावतो. दिलेल्या पैशांतला बराच भाग त्या मंदावण्यात जातो.

म्हणून टी४३० सारख्या यंत्रात चार कोअर हवेच असतील तर मी ३५ वॅटचाच, म्हणजे ३६१२क्यूएम किंवा ३६३२क्यूएम घ्यायला सांगेन. ६५ वॅटचं अॅडाप्टर असेल तर ९० चं लावावं. आणि काहीही विकत घेण्याआधी आतला पंखा साफ करून पाहावा. पंख्यासमोरच्या बारीक पट्ट्यांवर धूळ आणि कापसाचे तंतू साचून अक्षरशः गादी तयार होते. लॅपटॉप गादीवर ठेवून वापरणाऱ्या घरात तर जास्तच. ती काढून नवी थर्मल पेस्ट लावली की जुनाच प्रोसेसर पुन्हा पूर्ण वेगाने चालल्याचं अनेकदा दिसतं.

"लॅपटॉप स्लो झाला, म्हणजे प्रोसेसर म्हातारा झाला."

सुरू व्हायला पाच मिनिटं लागतात, फोल्डर उघडताना गोल चक्र फिरत राहतं, ही तक्रार जवळजवळ नेहमी हार्ड डिस्कची असते. मिनिटाला ५४०० फेरे घेणाऱ्या डिस्कला एका फेरीला ११ मिलीसेकंद लागतात. माहिती सापडायला सरासरी अर्धी फेरी, शिवाय डिस्क वाचणारा हात सरकण्याचा वेळ. एसएसडीला हेच काम साधारण ०.१ मिलीसेकंदात जमतं. अशा जुन्या लॅपटॉपमध्ये एसएसडी आणि ८ जीबी रॅम टाकल्यावर जो फरक पडतो, तो कुठल्याच प्रोसेसरने पडत नाही. रॅम घेताना चौथ्या पिढीच्या लॅपटॉपसाठी १.३५ व्होल्टची डीडीआर३एल मागा.

एका कोअरवर चालणाऱ्या कामात ३२१०एम आणि ३६३२क्यूएम यांचा कमाल वेग ३.१ आणि ३.२ गिगाहर्ट्झ आहे. ब्राउझर उघडताना हा फरक कुणाला जाणवणार? लग्नाचे व्हिडिओ एडिट करून रेंडरिंगला लावणाऱ्याला किंवा मोठा कोड कंपाइल करणाऱ्याला मात्र चार कोअरचा फायदा स्पष्ट दिसेल. त्याने जरूर बदलावा.

विंडोज ११ साठी प्रोसेसर बदलायचा विचार असेल तर तो सोडून द्या. इंटेलमध्ये मायक्रोसॉफ्टची अट आठव्या पिढीपासून पुढची आहे आणि सॉकेट चौथ्यातच संपलं. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबला. या यंत्रांवर लिनक्स मिंट छान चालतं.

"हे घरी करायचं कामच नाही."

एवढं सगळं तपासून झालं असेल तर हे घरी करता येतं, शांतपणे. बॅटरी काढा, चार्जर काढा आणि पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा. उन्हाळ्यातल्या कोरड्या हवेत अंगावर स्थिर वीज साचते, म्हणून आधी अर्थिंगला जोडलेल्या धातूला हात लावा. हीट सिंकच्या स्क्रूंजवळ बहुतेकदा आकडे असतात, ते उलट्या क्रमाने थोडे थोडे सैल करायचे. सॉकेटच्या कडेला चपट्या पेचकसाने फिरणारा एक स्क्रू असतो. तो अर्धा फिरवला की प्रोसेसर अलगद उचलला जातो. नवा बसवताना त्याच्या कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या खुणेशी जुळवा. तो स्वतःच्या वजनाने खाली बसला पाहिजे. दाबावं लागत असेल तर कुठेतरी पिन वाकलेली असू शकते. डेस्कटॉपच्या प्रोसेसरसारखं धातूचं टोपण इथे नसतं, उघड्या सिलिकॉनचे कोपरे ठिसूळ असतात, म्हणून हीट सिंक सरळ ठेवा आणि स्क्रू आकड्यांच्या क्रमाने घट्ट करा. पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी पुरते.

पहिल्यांदा सुरू करताना स्क्रीन थोडा वेळ काळी राहू शकते, घाबरून लगेच बटण दाबू नका. जुना प्रोसेसर मात्र लगेच विकू नका. पिना वर करून डबीत जपून ठेवा. नवा चाललाच नाही तर तोच परत बसवायचा आहे. आणि नवा घेताना, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवा की इथल्याच दुकानातून, पिनांचा फोटो आधी मागा आणि परत घेण्याचं बिलावर लिहून घ्या.