लक्षद्वीपचे पाणी कोणाचे?

लक्षद्वीप म्हटले की वर्तमानपत्रात निळ्या पाण्याचा फोटो येतो. त्या पाण्यावर ज्यांचे पोट आहे ती माणसे फोटोत नसतात. २०११ च्या जनगणनेत ती ६४ हजारांवर होती आणि त्यांपैकी ९४ टक्क्यांहून अधिक अनुसूचित जमातीची. धर्माने मुस्लिम आणि घटनेने आदिवासी! लोकसभेची तिथली एकुलती एक जागाही राखीव आहे. चळवळीतल्या माणसाचे लक्ष एवढ्यानेच जायला हवे होते. आमचेही बरीच वर्षे गेले नव्हते, हे प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे.

या बेटांवर कुपा मासा, म्हणजे ट्युना, काठीच्या गळाने धरतात. मिनिकॉय बेटावरची ही जुनी रीत १९६० च्या दशकात सरकारी मत्स्य खात्याने इतर बेटांवर नेली. आधी प्रवाळाच्या कड्याआतल्या उथळ पाण्यात जाळ्याने बारीक मासळी जिवंत धरायची. होडीच्या टाकीत समुद्राचे पाणी खेळते ठेवून ती जगवायची. कुप्याची झुंड दिसली की ती मुठीमुठीने फेकायची आणि वर आलेला मासा एकेक करून होडीत उचलायचा. समुद्राचा तळ खरवडणारा ट्रॉलर इथे नाही. हा मासा उकडून, धुरावून, उन्हात वाळवला की त्याचा ‘मास’ होतो. तो महिनोन् महिने टिकतो.

सगळा संसार त्या बारीक मासळीवर उभा आहे, आणि त्यातली बरीचशी मासळी राहते प्रवाळाच्या फांद्यांत. प्रवाळ हा जिवंत प्राणी. त्याच्या अंगातले सूक्ष्म शैवाल त्याला अन्न देते आणि रंगही. समुद्राचे पाणी काही आठवडे नेहमीपेक्षा एक-दोन अंशांनी जास्त तापले की तो हे शैवाल बाहेर टाकतो, पांढरा पडतो, आणि उष्णता टिकली तर मरतो. लक्षद्वीपात हे १९९८, २०१०, २०१६ आणि पुन्हा २०२४ मध्ये घडले. अभ्यासलेल्या बेटांभोवती १९९८ मध्ये सुमारे ३७ टक्के असलेले जिवंत प्रवाळाचे आच्छादन २०२२ पर्यंत १९ टक्क्यांच्या आसपास आले. फांद्यांचा चुरा झाला की बारीक मासळीचा आसरा जातो. मग आमिष मिळत नाही, आणि कुपा समोर असूनही होडी रिकामी येते. पोटासाठी माणूस कड्यावरचेच मासे मारू लागतो. त्यांत खडकावरचे शेवाळ खाऊन जागा साफ ठेवणारे मासेही जातात, ज्यांच्यावाचून नवा प्रवाळ धरत नाही. शिवाय लाटांचा मार झेलणारी भिंतही हीच. बंगारमजवळचे परळी-१ हे निर्जन बेट पूर्ण झिजून गेल्याचे २०१७ मध्ये उघड झाले.

याला ‘निसर्गाचा कोप’ म्हणणारे विद्वान कमी नाहीत. ही भाषा आमच्या ओळखीची आहे. आमच्या आज्या-पणज्यांच्या दारिद्र्यालाही असेच पूर्वजन्मीचे कर्म म्हटले जाई. तथागतांनी प्रतीत्यसमुत्पाद शिकवला: कारण असल्याशिवाय काही घडत नाही, आणि कारण दूर केले की परिणाम थांबतो. इथले कारण कोळशाचा आणि तेलाचा धूर आहे. गळाने मासे धरणाऱ्यांचा त्यात वाटा तो किती?

बेटावर सगळे एकसारखे, असेही समजू नये. या मुस्लिम समाजातही कोया जमिनीचे व जहाजांचे मालक, माल्मी खलाशी आणि मेलाचेरी नारळावर चढणारे मजूर, अशी उतरंड होती. नुकसानभरपाईच्या याद्या होतील तेव्हा त्या कोणाच्या ओसरीवर बसून केल्या, हे विचारावेच लागेल.

२१ मार्च २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, आश्चर्य म्हणजे माळढोक पक्ष्याच्या खटल्यात, हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क कलम १४ व २१ मध्ये मान्य केला. तिकडे पॅसिफिक बेटांवरच्या कायद्याच्या २७ विद्यार्थ्यांनी २०१९ मध्ये उचललेली मागणी वानुआतू देशाने संयुक्त राष्ट्रांत नेली. २३ जुलै २०२५ रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने हवामानाची हानी रोखणे हे राष्ट्रांचे कायदेशीर कर्तव्य असल्याचे एकमताने सांगितले. हे मत सल्ल्याचे आहे, हुकूमनामा नव्हे. वकील म्हणून आम्ही त्याचा फुगा फुगवणार नाही. पण कोर्टात दाखवायला दोन कागद हाती आले, हे खरे.

ते दाखवायचे कोणी? लक्षद्वीपला विधानसभा नाही, दिल्लीने नेमलेला प्रशासक आहे. तेव्हा पंचायत हाच लोकांचा घरचा आवाज. घटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवण्याजोगे २९ विषय आहेत, त्यांतला पाचवा मत्स्यव्यवसाय. मे २०२१ मध्ये प्रशासकाने जिल्हा पंचायतीकडून शिक्षण, आरोग्य, शेती, पशुसंवर्धन यांच्याबरोबर मत्स्यव्यवसायाचेही अधिकार काढून घेतले. त्याच वर्षी किनाऱ्यावरच्या मच्छीमारांच्या शेड पाडण्यात आल्या.

१९२७ साली चवदार तळ्यावर प्रश्न तहानेचा नव्हता, पाण्यावर हक्क कोणाचा हा होता. कोणता कडा काही वर्षे मोकळा सोडायचा, आमिषाची मासळी कुठे आणि कधी धरायची नाही, हे त्या पाण्यात रोज उतरणाऱ्यांनी ठरवायला हवे. मत्स्यव्यवसाय पंचायतीच्याच हाती हवा, ही मागणी आमच्या वकील मित्रांनी आपल्या पुढच्या अधिवेशनाच्या ठरावांत घालावी. मसुदा आम्ही करून देतो.