धनत्रयोदशीची खरेदी आणि वाढीव हमी

धनत्रयोदशी आली की आमच्या सिन्नरच्या बाजारपेठेत भांड्यांच्या दुकानांप्रमाणेच फ्रिज-टीव्हीच्या दुकानांतही गर्दी लोटते. तीन वर्षांपूर्वी याच मुहूर्तावर आम्ही सूनबाईंसह फ्रिज घेण्यास गेलो. भाव ठरला, तोच विक्रेत्याने आणखी तीन हजार मागितले. कंपनीच्या एका वर्षानंतरच्या दोन वर्षांच्या वाढीव हमीचे. शुभदिनी ‘बिघडला तर’ हे शब्द कानी पडताच सूनबाईंनी पर्स उघडली. आम्ही कागद मागितला. पोथी वाचण्याची सवय कामी आली! कॉम्प्रेसरची दहा वर्षांची हमी कंपनीने आधीच दिलेली. दाराचे रबर आणि काचेचे कप्पे वाढीव हमीतून वगळलेले. विजेच्या दाबाने होणारे नुकसानही वगळलेले. आमच्या गल्लीत भय असते ते नेमके त्याचेच.

विकत घेतलेली वस्तू परत करण्यास मनूने दहा दिवस दिले. याज्ञवल्क्य अधिक सूक्ष्म: परीक्षेसाठी लोखंडास एक दिवस, दुभत्या जनावरास तीन, रत्नास सात, बियाण्यास दहा. वस्तू जशी, तशी मुदत. हाच विवेक गृहिणींनी ठेवावा. टीव्हीच्या पडद्यासारखा महाग भाग असेल तर वाढीव हमीचा विचार अवश्य करावा, पण अटी वाचून. वस्तूत मूळचाच दोष असेल तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये दाद मागता येते. 1915 या क्रमांकावर मार्गदर्शनही मिळते.

आम्ही ते तीन हजार देवघरातील डब्यात ठेवले. घेतली असती तर ती वाढीव हमी यंदा संपली असती. डब्यातून आजवर एक स्टॅबिलायझर आला आणि दाराचे रबर बदलले. उरलेल्या रकमेवर सूनबाईंचा डोळा आहे.