विळ्याच्या आकाराची रक्तपेशी

वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची तयारी करणारा विद्यार्थी आनुवंशिकता व उत्क्रांती ही दोन प्रकरणे बहुधा निरनिराळी पाठ करतो. पहिल्यात मेंडेलचे वाटाणे, दुसऱ्यात डार्विन व जीवाश्म, अशी त्याच्या मनात वाटणी झालेली असते. वस्तुतः जनुक एका कुटुंबात कसे उतरते हे पहिले प्रकरण सांगते, तर त्याच जनुकाचे समाजातील प्रमाण पिढ्यान्‌पिढ्या कसे बदलते हे दुसरे. दोहोंचा संबंध स्पष्ट करणारे उदाहरण आपल्या देशातच आहे. ते म्हणजे दात्रपेशी पांडुरोग, अर्थात सर्वांच्या तोंडी असलेला सिकलसेल.

निरोगी तांबडी रक्तपेशी वाटोळी व लवचिक असते. या रोगात ऑक्सिजन कमी पडताच ती विळ्यासारखी वाकते, ताठर होते आणि सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकते. त्यामुळे रोग्याला तीव्र वेदना होतात. अशा पेशींचे वर्णन शिकागोचे वैद्य जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये प्रसिद्ध केले. त्यामागील दोष किती सूक्ष्म आहे, हे व्हर्नन इन्ग्रॅम यांनी १९५७ मध्ये दाखविले. हीमोग्लोबिनच्या बीटा शृंखलेत १४६ ॲमिनो आम्ले असतात. त्यांपैकी सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन येते, एवढाच काय तो फरक!

प्रत्येकास या जनुकाच्या दोन प्रती मिळतात. एक मातेकडून, दुसरी पित्याकडून. दोन्ही सदोष असतील तर रोग होतो. एकच सदोष असेल तर ती व्यक्ती वाहक होय. ती स्वतः प्रायः निरोगी असते. दोन वाहकांच्या अपत्यास रोग होण्याची शक्यता २५ टक्के असते. येथे पुष्कळांची फसगत होते. पहिले मूल रोगी निघाले, आता पुढची तीन निरोगी होतील, असा अर्थ ते काढतात. परंतु ही शक्यता प्रत्येक गर्भधारणेस नव्याने लागू होते. आधीच्या अपत्यांचा तिच्यावर काहीही परिणाम होत नाही.

आता कुटुंबाकडून समाजाकडे वळू. समजा, एखाद्या समाजात या जनुकाच्या दर १० प्रतींपैकी १ सदोष आहे. हार्डी-वाइनबर्ग नियमानुसार १,००० बालकांपैकी ८१० पूर्णतः निर्दोष, १८० वाहक व १० रोगी असतील. सदोष प्रती एकूण २००. त्यांपैकी १८० वाहकांत, तर २० रोग्यांत. उपचार नव्हते त्या काळी रोगी बालके बहुधा लहानपणीच दगावत. म्हणजे दर पिढीत सदोष प्रतींचा दहावा हिस्सा नष्ट होई. या हिशेबाने हे जनुक केव्हाच दुर्मिळ व्हावयास हवे होते. मग ते टिकले कसे?

याचे उत्तर हिवतापात सापडले. पूर्व आफ्रिकेत संशोधन करणाऱ्या अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये दाखवून दिले की, वाहकांना घातक हिवतापापासून बरेच संरक्षण मिळते. जेथे हिवताप फार, तेथे वाहकही अधिक. रोग्यांच्या मृत्यूने होणारी घट वाहकांच्या बचावाने भरून निघत असे. हिवतापाने हा दोष निर्माण केला, असे मात्र समजू नये. उत्परिवर्तन योगायोगाने घडते. परिस्थिती केवळ निवड करते. जेथे हिवताप नाही तेथे वाहकाला हा लाभ नाही, रोग्याचे दुःख मात्र तेच राहते.

भारतात हे जनुक १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत प्रथम आढळले. पुढे मध्य प्रदेश, छत्तीसगड, ओडिशा, गुजरात व महाराष्ट्रातील विदर्भ, नंदुरबार येथेही त्याचा आढळ दिसून आला. जुलै २०२३ मध्ये केंद्र शासनाने राष्ट्रीय मोहीम सुरू केली. आदिवासी भागांतील ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करणे व २०४७ पर्यंत रोगाचे निर्मूलन करणे, हे तिचे उद्दिष्ट आहे.

तपासणीने केवळ निदान होते. त्याचा अर्थ कोणीतरी समजावून सांगावा लागतो. वाहक म्हणजे रोगी नव्हे, त्याला कमी लेखण्याचे कारण नाही. उभयतां वाहक असल्याचे वेळीच कळले, तर विवाहाचा वा अपत्याचा निर्णय विचारपूर्वक घेता येतो. आज परीक्षेसाठी १:२:१ हे गुणोत्तर मांडणाऱ्या विद्यार्थ्यासमोर उद्या असेच एखादे दांपत्य बसलेले असेल. तेव्हा त्या २५ टक्क्यांचा खरा अर्थ त्यांना त्यांच्या भाषेत सांगता आला पाहिजे. त्यासाठी ही दोन्ही प्रकरणे नुसती पाठ करून भागणार नाही. ती एकत्र समजून घ्यावी लागतील.