पेडणे-डिचोलीची खासगी बस

मुंबईत विजेचा पुरवठा आणि ट्राम ज्या कंपनीच्या हाती होत्या तिनेच 15 जुलै 1926 रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट या मार्गावर पहिली बस सुरू केली आणि 7 ऑगस्ट 1947 रोजी तो सारा कारभार महापालिकेच्या स्वाधीन झाला. गोव्यात मात्र अशी बलाढ्य कंपनी उभी राहिली नाही, येथील प्रवासी वाहतूक घडविली ती एकदोन गाड्यांच्या मालकांनी. पोर्तुगीज अमदानीत लोक जिला ‘कारेर’ म्हणत, ती गाडी खासगीच असे, आणि 1961 च्या मुक्तीनंतरही जवळजवळ दोन दशके रयतेचा भार मुख्यतः याच मालकांनी वाहिला.

पेडणे आणि डिचोली या नव्या काबिजादीतल्या, म्हणजे पोर्तुगीजांनी मागाहून जिंकलेल्या मुलखातल्या, तालुक्यांचे त्यांच्यावाचून पदोपदी अडले असते. शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला निघालेल्या बाईची हरमलच्या मिरचीची पाटी टपावर चढवून, दारात लोंबकळत ‘म्हापसा, म्हापसा’ असा पुकारा करणारा कंडक्टर हा त्या काळच्या ग्रामीण अर्थव्यवहाराचा खरा दुवा होता, असे मला वाटते.

परंतु या व्यवस्थेचे वैगुण्य तिच्या घडणीतच होते. प्रत्येक गाडीचा परवाना वेगळा आणि उत्पन्नही वेगळे. त्यामुळे सकाळच्या गर्दीच्या वेळी दोन गाड्यांमध्ये प्रवाशांसाठी शर्यत लागे, आणि संध्याकाळची रिकामी फेरी तोट्याची म्हणून सहज रद्द होई. 1978-79 साली विद्यार्थ्यांनी निम्म्या भाड्याच्या सवलतीसाठी गोवाभर आंदोलन उभारले, तेव्हा नफ्यावर चालणाऱ्या गाडीकडून लोककल्याणाची अपेक्षा कितपत करावी, हा प्रश्न सरकारदरबारी प्रथमच तीव्रतेने उपस्थित झाला. 1980 मध्ये कदंब परिवहन महामंडळ स्थापन झाले, त्यामागे या आंदोलनाची प्रेरणा होती.

तरीही खासगी गाड्या हटल्या नाहीत, आणि हटाव्यात असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. 5 जुलै 1986 रोजी मांडवीवरील पूल कोसळला, तेव्हा उत्तरेकडून येणाऱ्या उतारूंना बेतीला उतरून फेरीबोटीने पणजी गाठावी लागली. त्या हलाखीत सरकारी काय आणि खासगी काय, दोन्ही गाड्यांची गरज सारखीच होती.

अलीकडच्या ‘म्हजी बस’ योजनेत खासगी गाडी कदंबच्या वेळापत्रकात आणून मालकाला किलोमीटरच्या हिशेबाने मोबदला देण्याची तजवीज आहे, आणि हाच मार्ग मला सर्वांत न्याय्य वाटतो. कारण मग रिकाम्या फेरीचा तोटा एकट्या मालकाच्या माथी पडत नाही. सरकारने ही योजना पेडणे व डिचोली तालुक्यांतील रात्रीच्या फेऱ्यांना प्राधान्याने लागू करावी, आणि उत्पन्नाचा हिशेब चोख राहावा म्हणून प्रवाशांनीही प्रत्येक वेळी तिकीट मागून घ्यावे.