अळंबी खुडू नये, खणून पाहावी

आर्द्रा नक्षत्राचा पाऊस लागला की महाडात चवदार तळ्याभोवतीच्या परसांत काय किंवा पोलादपूरच्या डोंगरवाड्यांत काय, भूछत्रे उगवू लागतात. त्यांतील वारुळावरची अळंबी कोकणात आवडीने खाल्ली जाते. वाळवी जमिनीखाली पालापाचोळ्याचे मळे करून त्यांवर ही बुरशी जोपासते, व पावसाळ्यात तेथूनच अळंबी वर येते. म्हणून सावकाश खणल्यास तिचा देठ मुळासारखा निमुळता होत खोल गेलेला आढळतो. छत्रीच्या मध्यावर टोक असते. रॉजर हाइम या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९४२ साली या गटास स्वतंत्र नाव दिले. जाणत्या बायका ती त्यापूर्वीपासूनच ओळखत होत्या.

हिरवळीवर किंवा शेणखतापाशी उगवणारी, तपकिरी खवल्यांची पांढरी मोठी छत्री मात्र विषारी असू शकते. हिच्या देठावर कडे असते. कोवळेपणी छत्रीखालचे पापुद्रे पांढरेच दिसत असल्याने फसगत होते. अशी उमललेली छत्री देठ काढून, पापुद्रे खाली करून पांढऱ्या कागदावर ठेवावी व वर वाटी पालथी घालावी. सकाळपर्यंत बीजाणूंचा ठसा उमटतो. तो हिरवट असल्यास ती विषारी जात समजावी. खाल्ल्यास एक ते तीन तासांत ओकाऱ्या व जुलाब होतात. वारुळावरच्या अळंबीचा ठसा गुलाबीसर असतो. परंतु काही विषारी जातींचाही ठसा तसाच पडतो, तेव्हा एवढ्यावरून ती खाण्यास योग्य ठरत नाही.

अतिविषारी जातींत देठाच्या बुडाशी पिशवीसारखे आवरण असते. अळंबी वरून खुडली तर नेमके तेच मातीत राहते. हे विष शिजवून जात नाही. त्रास सहा तासांनंतर, कधी दुसऱ्या दिवशी सुरू होतो. मग उतार पडल्यासारखे वाटते, आणि त्याच वेळी यकृत निकामी होत असते. चांदीचे नाणे काळे पडले नाही, किड्यांनी खाल्ली, म्हणून अळंबी निर्धोक, हा समज सर्वस्वी खोटा आहे. गोगलगाईला जे पचते ते माणसाला पचेलच असे नाही.

जाणत्याने प्रत्येक अळंबी पारखल्याशिवाय ती चुलीवर चढवू नये. कोणास त्रास झाल्यास उतार पडण्याची वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी उरलेली भाजी व न शिजवलेली अळंबी कागदात गुंडाळून रुग्णाबरोबर पाठवावी, आणि त्याच पंगतीत जेवलेल्या इतरांनाही, त्रास नसला तरी, डॉक्टरांकडे न्यावे.