नावे बदलली, सूर नाही

कुंडलहून किर्लोस्करवाडी गाठली की रेल्वेने मिरज जवळच. उर्साला गेलो की ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात आम्ही उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांच्या मजारीवर फातिहा पढतो. खाँसाहेब कैरान्याचे, पत्नी ताराबाई माने मराठा घराण्यातल्या. १९२२ च्या सुमारास संसार मोडला आणि मुले आईकडे राहिली. अब्दुल रहमानचे सुरेशबाबू माने झाले, चंपाकलीची हिराबाई, सकीनाची सरस्वती. नावे बदलली, पण गळ्यात वडिलांचे किराणा घराणेच राहिले. सुरेशबाबूंनी बहिणींना तालीम दिली. हिराबाई आणि सरस्वतीबाईंची जुगलबंदी गाजली. रंगभूमीवरही भावंडे एकत्र उभी राहिली. आईबाप दुरावले, तरी त्यांनी एकमेकांचा हात सोडला नाही. वाटणीवरून अबोला धरणाऱ्या आपल्या घरांनी एवढे तरी त्यांच्याकडून घ्यावे.